कमोडच्या जागी शिलाई मशीन

आमच्या सासूबाईंना कुणी सल्ला दिला, की त्या शांतपणे ऐकून घेतात, चहा करून देतात आणि शेवटी स्वतःला हवं तेच करतात. आयुष्यभर त्यांनी पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवल्या. गल्लीत त्यांना ‘पडदेवाली’ म्हणतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

सासरे आजारी पडले तेव्हा जिन्याखालच्या खोलीत त्यांच्यासाठी कमोड बसवला होता. ते गेल्यापासून ती खोली बंदच होती. शिलाई मशीन मात्र वरच्या मजल्यावर, आणि पडद्यांचे गठ्ठे उचलून जिना चढताना सासूबाईंचे गुडघे कुरकुरू लागले होते. माझ्या नवऱ्याने लगेच संधी साधली.

“आई, पुरे झालं शिवण. घर बंद कर आणि आमच्याकडे राहायला चल.”

मी तर त्यांच्यासाठी एक कपाटही रिकामं करून ठेवलं होतं. सासूबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “मशीन खाली आणायचंय. रविवारी दोघं या, कमोड काढायचाय.”

झालं. पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी आम्ही हजर.

सासूबाईंनी हार्डवेअरवाल्याला विचारून सगळी माहिती काढून ठेवली होती. पाण्याचा कॉक बंद केला, फ्लश ओढून टाकी रिकामी केली, खाली उरलेलं पाणी मी फडक्याने टिपलं. नवरा बोल्ट काढायला बसला. बोल्ट गंजून जाम झालेले. त्याने पाना आपटला, हार्डवेअरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तोंड फिरवून बसला. सासूबाईंनी मशीनच्या तेलाची कुपी आणून दोन्ही बोल्टांवर थेंब सोडले.

“थांब जरा. जाम झालेल्याशी भांडायचं नसतं.”

चहा होईपर्यंत बोल्ट सुटले. मग कडेचं सिमेंट खरवडून तिघांनी कमोड उचलला. पाइपाच्या तोंडातून असा भपकारा आला, की मी थेट दाराकडे पळाले. सासूबाईंनी जुन्या टॉवेलचा बोळा पाइपात कोंबला. त्याआधी त्याला जाड दोरा बांधून दुसरं टोक खिडकीच्या गजाला अडकवलं.

“हे कशाला?” नवऱ्याने विचारलं.

“कच्चा टाका आहे. बोळा आत गेला तर गटार तुंबेल, मग काय तू उतरणार आत?”

नवरा तोवर सिमेंट कालवायला लागला होता. “आता पाइप एकदाचा भरून टाकतो. कायमचा निकाल.”

“सिमेंट नाही घालायचं,” सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीतून रबरी बूच काढलं. मधला नट आवळला, की रबर फुगून पाइपात गच्च बसतं, वास वर येत नाही. नट सैल केला, की बूच निघतं. आमच्या मागे उभा असलेला कमोड त्यांनी स्वतः धुतला होता आणि जुन्या चादरीत गुंडाळायला घेतला होता.

नवरा वैतागला. “आई, काढायचाय ना? मग जपून कुणासाठी ठेवतेस?”

“माझ्यासाठी.”

त्यांनी चादरीला गाठ मारली.

“पडदा शिवताना मी खाली माया ठेवते,” त्या म्हणाल्या, “जास्तीचं कापड आत दुमडलेलं. उद्या खिडकी मोठी झाली तर उसवून लांब करता येतो. आज माझे हात चालतात, म्हणून इथे मशीन बसेल. हात थांबले, वर चढणं जमेना झालं, की मशीन जाईल आणि कमोड परत येईल. या घरातून मी कुठेही जाणार नाही. तुझे बाबाही शेवटपर्यंत इथेच होते.”

आवाजात रडं नव्हतं. गिऱ्हाइकाला पडद्याची लांबी सांगावी तसं त्यांनी सांगितलं. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं, आणि आमच्या घरातलं ते रिकामं कपाट मला फार मूर्ख वाटलं.

नवऱ्याने कालवलेलं सिमेंट बाहेर नेऊन अंगणातल्या तुटक्या पायरीला थापलं. परत येऊन त्याने दोरा ओढून बोळा काढला, बूच बसवलं आणि पाना हातात घेतला.

“किती घट्ट करू, आई?”

“वास येणार नाही इतकं. आणि पाना घरी नेऊ नकोस. मशीनच्या खणात ठेव. उघडायला तुलाच यायचंय.”