निळा पडदा आणि भावजयीची नक्षी

आक्काच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तिथं पोटं उघडी टाकून पडलेले. एकाचं काढून दुसऱ्याला बसवायचं, हाच तिचा धंदा. नवरा म्हणायचा, "ही एक दिवस माझेही स्क्रू काढून बघेल."

"बघितलं असतं, पण आत काही असेल याची खात्री नाही," आक्का म्हणायची.

त्या दुपारी मात्र थट्टेला वेळ नव्हता. टेबलावर धाकट्या भावाचा जुनाट कॉम्प्युटर होता, भरतकामाचं मशीन चालवणारा. भावजयीनं लग्न झाल्यापासून जुळवलेली सगळी नक्षी त्याच्या डिस्कवर. दुसरीकडं एकही प्रत नाही.

सकाळी पडदा काळाठिक्कर होता. आक्कानं मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. उघडलंच आहे म्हणून बोर्डावरची बटणाएवढी बॅटरीही बदलली. चित्र आलं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि लगेच बिघाडाचा निळा पडदा. बंद, चालू, परत निळा.

"डिस्कनं राम म्हटला," भाऊ म्हणाला. "नवीन सिस्टिम टाक. गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय."

"त्यात माझं सगळं पुसलं जाईल ना, वन्सं?" भावजय पुढं झाली.

"परत काढशील की!" भाऊ म्हणाला.

"तुम्ही काढा."

भावानं सीडी आत सरकवलीसुद्धा. पडद्यावर प्रश्न आला: डिस्क साफ करायची का? त्याचं बोट बटणावर गेलं तशी आक्कानं गपकन मनगट धरलं.

"थांब रे मेल्या!"

तिनं कान डिस्कला लावला. खरखर नाही, टकटक नाही. डिस्क ठणठणीत होती. मग बिघडलं कुठं? सकाळपासून नवं काय झालं? आणि तिची नजर काढून ठेवलेल्या बॅटरीवर गेली. बॅटरी काढली की कॉम्प्युटर आपलं सेटिंग विसरतो. डिस्कशी जुन्या पद्धतीनं बोलायचं, हेही तो विसरला होता, म्हणून निळा पडदा. नव्या पोराला शिकवावं असं हे, आणि तीच चुकली होती.

तिनं सीडी काढली, सेटिंग उघडलं, जुनी पद्धत निवडली. कॉम्प्युटर सुरू झाला. निळा आलाच नाही. नक्षीची फाइल उघडली, वेलबुट्टीसकट.

"म्हणजे डिस्क गेली नव्हती?" भाऊ.

"नाही. घोळ माझा."

भाऊ कॉम्प्युटर उचलायला वळला. भावजय मध्ये उभी राहिली. "आधी प्रत. वन्सं, दोन काढा. एक माझ्या कपाटात राहील, आणि किल्ली यांना मिळणार नाही."