नवरीचा सरगुंडा

रुख्माबाईंचा उजवा हात पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा तळवा खाली होता. "वर करा," मी म्हटलं. त्यांनी खांदा उचलला, कोपर बाहेर काढलं, खुर्चीत अख्ख्या कलल्या. तळवा तिथल्या तिथेच.

"पाह्य वं माय, सारं अंग फिरते, हा एक नाई फिरत."

त्या अल्लीपूरच्या. सोबत नात अंकिता होती. दाराशी त्यांचे यजमान नत्थूजी उभे होते. टोपी हातात घेतलेली, आत यायला तयार नाहीत.

केसपेपरवर इंग्रजीत 'ट्विस्ट' लिहिलेलं होतं. वर्ध्याच्या या दवाखान्यात फिजिओथेरपी करताना मीही तो शब्द रोज लिहिते. समोरचा माणूस म्हणतो लचकला, मुरगळला, आत पीळ पडला. कोणी नुसताच पाय पुढे करतो आणि म्हणतो, "वाकडा गेला." मी सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिते आणि लिहिताना दर वेळी वाटतं, सांगितलं त्यातलं बरंचसं कागदाबाहेर राहिलं.

रुख्माबाईंचं तर पुष्कळच राहिलं होतं. मोरीत पाय घसरून त्या हातावर पडल्या. हाडाला चीर गेली असणार, पण घरी वाटलं मनगट मुरगळलं. नत्थूजी गावात दोर वळणारे म्हणून ओळखले जातात. पोळ्याला शेजाऱ्यांच्या बैलांचे कासरेसुद्धा त्यांच्या हातचे असतात. दोराला चुकीचा पीळ बसला की ते उलटा फिरवून काढतात. बायकोचं मनगटही त्यांनी तसंच काढायला घेतलं.

"म्या म्हणलं, जसा मुरगळला तसाच उलटा फिरवला का सुटन," ते दारातूनच बोलले.

"सुटलं ना! मनगटच सुटलं," रुख्माबाई म्हणाल्या. "मी वरडून राह्यली आन् हे म्हणतेत, थांब वं, आता बसतेच."

अंकिता हसली, मीही हसले. नत्थूजी टोपीकडे पाहत राहिले.

चीर गेलेलं हाड त्या पिळानं पुरतं मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, बोटं चालू लागली. फक्त तळवा वर येईना. आणि रुख्माबाईंना नेमकी तीच हालचाल हवी होती. वैशाखात अंकिताचं लग्न होतं.

आमच्या भागात लग्नाला सरगुंडे लागतात. मळलेल्या कणकेची बारीक तार ओढायची, सर नावाच्या गवताच्या काडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, अलगद काढून सावलीत वाळवायची. मग शिजवून दूधसाखरेशी किंवा आंब्याच्या रसाशी खायची. रुख्माबाईंच्या घरात त्यातला एक सरगुंडा वेगळा असतो, नवरीचा. तो लांब काडीवर, एकाच तारेचा, कुठंही न तुटलेला. नवरा-नवरी एका ताटात तो खातात. रुख्माबाईंना तो सासूनं करून दिला होता. लेकींना त्यांनी केला. आता अंकिताची पाळी होती.

"तुटला तं काय होते?" मी विचारलं.

"काईच नाई होत. पण मले दिसते ना, तुटला ते."

मग डाव्या हातानं काडी फिरवा, असं मी सुचवलं. त्यांनी घरी करून पाहिलं होतं. "डाव्याले तार कळते, उजव्याले फिरवणं कळते. बदली केली का दोघंही आंधळे."

त्या दिवशी मी त्यांना कपाटातला हाडांचा सांगाडा दाखवला. ही गोष्ट शिकून मला वर्षं झाली, तरी दाखवताना अजून अंगावर काटा येतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तळवा वर असतो तेव्हा ती शेजारी शेजारी निजलेली असतात. तळवा खाली केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. कुलूप उघडताना, भाकर उलटताना, कपडा पिळताना, प्रत्येक वेळी आत एक हाड दुसऱ्यावर चढतं आणि उतरतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

रुख्माबाईंनी सांगाड्याचा हात धरून दोनदा फिरवला. "अवं माय! म्हंजे आतमंधी दोरच वळल्या जाते!"

नत्थूजी तेव्हा पहिल्यांदा आत आले. त्यांनीही तो हात फिरवला, अगदी हळू. मग म्हणाले, "म्या हे फिरवलं?"

त्यानंतर ते प्रत्येक वेळी खोलीत येऊन बसू लागले. लाटणं धरून हात फिरवायचा व्यायाम मी सांगितला होता. घरी तो नत्थूजीच करून घेत. अंकिता सांगायची, "आबाजी लाटण्याले हातसुद्धा नाई लावत. नुसते म्हणतेत, तूच फिरव, मी पाह्यतो."

लग्न जवळ आलं तेव्हा तळवा निम्मा वर येत होता. निम्म्यानं काडी फिरत नाही. सरगुंडे करायच्या दिवशी अंकितानं मला बोलावून घेतलं. ओसरीत बायका जमल्या होत्या, बाजेवर धुतलेलं धोतर अंथरलं होतं. साधे सरगुंडे इतर बायकांनी भराभर केले. नवरीच्या काडीला मात्र कोणी हात लावला नाही.

रुख्माबाईंनी तार लावली. थोडे वेढे झाले, मनगट अडलं, तार तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. शेजारच्या भागाबाई म्हणाल्या, "राहू दे वं, मी फिरवतो काडी." रुख्माबाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि कणकेचा गोळा खाली ठेवला.

नत्थूजी अंगणात होते. ते हात धुऊन आले आणि बाजेपाशी उकिडवे बसले.

"दोर वळाले दोघं लागतेत," ते म्हणाले. "एक अंबाडीचा वाख सोडते, एक फिरवते. तू सोड."

"आता गडीमाणूस सरगुंडे करते का?" भागाबाई म्हणाल्या. "नत्थूजी, कासरा करून ठेवसान! नवरदेवाले बांधा लागन मंग."

"पळाला तं कामी येईन," ते म्हणाले आणि काडी उचलली.

रुख्माबाईंनी कणकेचा गोळा पुन्हा उचलला. मग डाव्या हातानं तार धरली. नत्थूजींनी काडी फिरवली.

"उलटा नोका फिरवू!" त्या ओरडल्या. "एकडाव केलं तेवढं पुरे नाई झालं?"

ओसरी हसण्यानं दणाणली. नत्थूजींनी दिशा बदलली. तार रुख्माबाईंच्या बोटांतून सुटत होती, श्वासासारखी, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. काडी फिरत होती. मी नत्थूजींच्या हाताकडे पाहत होते. वाळलेल्या कातडीखाली त्यांची दोन्ही हाडं दिसत होती, एक दुसऱ्यावर जात होतं, परत येत होतं. पुस्तकातलं चित्र मी शंभर वेळा पाहिलं असेल. ते असं अल्लीपूरच्या ओसरीत काम करताना दिसेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

काडी टोकापर्यंत भरली. तार एकच होती.

आता तो काढायचा होता. नत्थूजींनी काडी आडवी धरून वेढे बोटानं सरकवत आणले. तो झेलायला रुख्माबाईंनी हात पुढे केला. उजवा. त्यांचं लक्ष सरगुंड्यावर होतं, हाताकडे नव्हतं. तळवा माझ्या टेबलावर आजवर आला नव्हता तेवढा वर आला. पूर्ण नाही, थोडा कललेलाच.

नत्थूजींनीही ते पाहिलं. त्यांनी काडी तेवढीच कलती केली.

"ठेवू?"

"ठेवा."

सरगुंडा तळव्यावर उतरला आणि तिथंच राहिला.