मांडीवरची टोपी

लिलावाच्या हॉलमध्ये त्यांना सगळे टोपीकाका म्हणत. तिसरी रांग, भिंतीकडची खुर्ची, डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी. भर उन्हाळ्यातही. म्हाताऱ्याला टक्कल लपवायचंय, असं लोकांना वाटे. टक्कल होतंच. पण टोपीचं काम वेगळं होतं आणि ते दोनच माणसांना ठाऊक होतं. एक काका स्वतः, दुसरे लिलाववाले.

टोपी डोक्यावर असली, तर काका नुसते बघताहेत. टोपी मांडीवर आली, की काकांची बोली सुरू. मग समोरच्याने कितीही वाढवू दे, लिलाववाल्यांनी काकांच्या वतीने एक पायरी वर जायचं. टोपी परत डोक्यावर गेली की थांबायचं. हात वर करायचा नाही, मान हलवायची नाही, खोकायचंसुद्धा नाही.

हे ठरवावं लागलं, कारण जुन्या मोटारसायकलींमधलं काकांना फार कळायचं. त्यांनी हात वर केला की मागचे व्यापारी कान टवकारत. म्हातारा घेतोय म्हणजे इंजिन अस्सल असणार. मग भाव कुठल्या कुठे जाई. टोपी आल्यापासून कुणाला थांग लागेना.

शेजारच्या खुर्चीवर चांदीवाला बसे. जुनी चांदी घ्यायची आणि विकायची, हा त्याचा धंदा. एकदा लिलावात एक चांदीची चहादाणी त्याच्या हातातून अशीच निसटली. हत्तीच्या सोंडेसारखी तोटी होती तिला. त्यानंतर कित्येक दिवस तो हॉलमधल्या प्रत्येकाकडे संशयाने बघत होता. काकांना सोडून.

"मागून कुणीतरी हाणली हो," तो काकांनाच सांगायचा.

"असेल बुवा," काका म्हणायचे.

काकांची नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्याची. आयुष्य गेलं ते विहिरीसारख्या अंधारात, ग्रीसच्या वासात, वरून लोंबणाऱ्या दोरांकडे बघत. अशाच एका इमारतीच्या तळघरात त्यांना पहिली मोटारसायकल भेटली. गंजलेली, बिनटायरची, भंगारात काढलेली. काकांनी सहज किकवर पाय ठेवला. किक खाली गेली आणि सावकाश वर आली. इंजिन जाम झालेलं नव्हतं. "तिने पाय परत दिला," असं ते सांगत. एवढ्यावर माणूस वाहवत जातो.

मोटारसायकली झाल्या. मग चांदी. मग जाहिरातींची जुनी पोस्टरं. साबणाची, सायकलच्या टायरची, डोकेदुखीच्या गोळीची. त्या गोळीच्या पोस्टरवरच्या बाईचं डोकं इतकं देखणं दुखत होतं की काकांनी ते जिन्याच्या तोंडाशी टांगलं.

"डोकं दुखतं माझं आणि फोटो हिचा," काकू येताजाता म्हणत.

एकदा त्यांनी लिलावातून मोत्यांचा सर आणला. खास काकूंसाठी. काकूंनी तो उजेडात धरून पाहिला, बोटांवरून फिरवला आणि डबीत परत ठेवला.

"कुणाच्या गळ्यातून उतरलाय, माहीत आहे?"

"नाही गं. कसं कळणार?"

"मग तिला विचारल्याशिवाय कसा घालू?"

सर डबीतच राहिला. डबी कपाटात गेली. कपाटापुढे मोटारसायकल आली. पुढे कपाट उघडायचं म्हटलं तरी आधी हँडल वळवावं लागे.

घर अरुंद आणि उभं. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर झोपायची खोली. खालची खोली काकांच्या सामानाने गळ्यापर्यंत भरलेली. आणि काकूंचं खुब्याचं हाड झिजलेलं. शेवटी डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं. पण खाली पलंग टाकायला जागा कुठे होती? काकू अंग तिरकं करून जिना उतरत. एक पाय खाली. मग दुसरा त्याच्याजवळ. मग कठड्याला धरून श्वास. पुन्हा एक पाय.

काका खाली कार्बुरेटर साफ करत बसलेले असत.

एका सकाळी काकू जिन्याच्या मधोमध थांबल्या. बराच वेळ पाऊल वाजलं नाही म्हणून काकांनी वर पाहिलं. काकू कठड्यावर कपाळ टेकून उभ्या होत्या.

"सगळ्या गावाच्या लिफ्ट चालू केल्यात," त्या म्हणाल्या. "माझ्या वाट्याला जिना."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा मारायला लागते तेवढी ताकद नव्हती. काकांच्या काळजाला ते लागलं.

त्यांनी सगळं विकायला काढलं. त्याच हॉलमध्ये. आपल्याच वस्तू एकेक करून पुढे येताना ते त्याच खुर्चीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर दाबून धरली होती. लोकांना वाटलं, काकांना कणकण आलीय. मोटारसायकली गेल्या. चांदी गेली, त्यातली चहादाणी चांदीवाल्याच्या भाच्याने घेतली. माल कुणाचा, हे हॉलमध्ये पुकारत नसत. डोकेदुखीची बाई कुण्या दवाखान्यात गेली. मोत्यांचा सरही गेला. काकू म्हणाल्या, "बरं झालं. तिची वस्तू मोकळी झाली."

मग काकांनी खोली घासली. गुडघ्यावर बसून, तारेच्या घासणीने. तेलाचा एक डाग मात्र शेवटपर्यंत हटला नाही. भिंतींना स्वतः रंग दिला. खांदे भरून आले, रात्री कूस बदलता येईना. सुताराला सांगून ठेवलं. तो उद्या सकाळी येऊन वरचा पलंग सोडणार आणि खाली जोडून देणार होता.

सगळं झालं आणि दुपारी काका चपला घालू लागले.

"कुठे निघालात?"

"जरा हॉलवर जाऊन येतो. नुसता बघायला."

"नुसते बघायला गेलात आणि चाकं घेऊन आलात, असं किती वेळा झालंय?"

"अगं, आता घेऊन ठेवू कुठे?"

"जागा आहे आता," काकू म्हणाल्या. "म्हणून तर धाकधूक आहे."

काका निघाले. अंगात त्राण नव्हतं, पण घरात बसून रिकाम्या खोलीकडे बघणंही जमत नव्हतं.

हॉलमध्ये नेहमीचाच वास होता. जुनं लाकूड, पितळ, माणसं. पंखा बंद पडलेला. कोपऱ्यात साइडकारची मोटारसायकल उभी होती. हिरवी, जागोजागी रंग उडालेली, पण मूळच्या रंगाची. काकांनी आयुष्यात सगळं घेतलं, साइडकार काही त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांनी तिच्या गादीवर तळहात दाबला. गादी दबली आणि वर आली. काका झटकन मागे सरले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आधी घड्याळं निघाली. मग फुलदाण्या. लिलाववाल्यांचा आवाज एका लयीत वरखाली होत होता. काकांनी भिंतीला खांदा टेकला. फक्त डोळे मिटावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

हातोड्याच्या आवाजाने ते जागे झाले.

"तीन वार. आपल्या टोपीकाकांची," लिलाववाले म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी काकांकडे बोटसुद्धा दाखवलं नव्हतं. पण आज बहुधा तेही थकले होते.

काकांनी पुढे पाहिलं. मदतनीस साइडकारवर चिठ्ठी चिकटवत होता. त्यांनी खाली पाहिलं. टोपी मांडीवर होती.

डोळ्यांपुढे रिकामी खोली आली. रंगाचा वास, उद्याचा सुतार. आणि जिन्यावर मधोमध थांबलेल्या काकू. मग, खोटं कशाला, त्या खोलीत हिरवी साइडकारही आली. बरोबर डागावर. तिथे ती चांगली दिसत होती.

चांदीवाला कानाशी कुजबुजला, "अहो, तुम्ही हात वर कधी केलात? मी शेजारी बसलोय."

हॉलचा एक नियम होता. पुढची वस्तू पुकारेपर्यंत तक्रार करता येई. मग तीच वस्तू पुन्हा बोलीला लावत. मात्र कारण उभं राहून, सगळ्यांसमोर सांगावं लागे. काकांनी आजवर एकदाही तक्रार केली नव्हती. घेतलेला माल परत केला नव्हता. हॉलमध्ये त्यांची जी काही इज्जत होती, ती एवढीच.

लिलाववाल्यांनी पुढच्या वस्तूचा कागद उचलला. चष्मा सारखा केला.

काका उभे राहिले. गुडघे वाजले.

"थांबा," ते म्हणाले. "ही बोली माझी नाही."



"टोपी मांडीवर होती," लिलाववाले हळूच म्हणाले.

"होती. पण मी झोपलो होतो."

"झोपला होतात? माझ्या लिलावात?"

"हो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग रांगच्या रांग हसू लागली. लिलाववाल्यांचा चेहरा उतरला. काकांना त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

"डोळे मिटलेले दिसले नाहीत तुम्हाला?" काकांनी विचारलं.

"मी तुमच्या तोंडाकडे कधी बघतच नाही हो," लिलाववाले म्हणाले. "टोपीकडे बघतो. पहिल्यापासून."

इतकी वर्षं हा माणूस समोर उभा होता आणि काकांच्या चेहऱ्याला ओळखत नव्हता.

चांदीवाला मात्र हळूहळू उठला. त्याचा हिशेब आता लागत होता.

"म्हणजे ती चहादाणी," तो म्हणाला. "माझ्या नाकासमोर टोपी मांडीवर होती? आणि मी तुम्हालाच गाऱ्हाणं सांगत होतो?"

"हो बाबा."

"आणि तुम्ही म्हणायचात, असेल बुवा."

"म्हणायचो."

चांदीवाला मटकन खाली बसला. "माझ्या भाच्याने चढ्या भावाने घेतली हो ती, तुमच्याचकडून." आता सगळा हॉल मोकळेपणी हसत होता. काका उभेच होते. टोपीचं गुपित गेलं, आता या हॉलमध्ये ते कधी गुपचूप बोली लावू शकणार नव्हते. हे त्यांना कळत होतं, पण वाईट वाटायलाही थोडी शक्ती लागते.

साइडकार पुन्हा बोलीला लागली. मागच्या रांगेतल्या गॅरेजवाल्याने घेतली. हातोडा पडला तेव्हा काका दारात पोहोचले होते.

घरी काकू रिकाम्या खोलीत एकच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आधी काकांचे हात पाहिले, मग डोकं.

"टोपी कुठाय?"

"राहिली वाटतं तिथेच."

काका फरशीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. खूण, चहादाणी, झोप, साइडकार. काकूंनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"म्हणजे टोपी त्यासाठी होती. आणि मी दर वर्षी नवी विणत होते. यांचं डोकं गारठतं म्हणून."

"गारठायचंही," काका म्हणाले.

काकूंनी पायाच्या अंगठ्याने तेलाचा डाग घासून पाहिला.

"एक सांगा. झोपेत पडली, की तुम्हीच काढलीत?"

आजवर अशा प्रश्नाला काकांकडे नेहमी उत्तर असे. फुकटात पडली, पुढे किंमत वाढेल, मित्राने गळ घातली. आज त्यांनी खरंच आठवून पाहिलं. गादीवर दाबलेला तळहात आठवला. पुढचं काहीच आठवेना.

"माहीत नाही," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना नवीन होतं. त्यांनी ते तपासून पाहिलं असावं, मोत्यांच्या सरासारखं, आणि या वेळी ठेवून घेतलं.

"उभे राहिलात, ते तरी जागेपणी ना?"

"जागेपणी."

"मग झालं."

त्या खुर्चीला धरून उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. उद्या सुतार यायच्या आत उशा खाली आणायच्या होत्या.

"मी आणतो," काका म्हणाले.

"तुम्ही बसा. तुमच्याच्याने उठवणार आहे का?"

त्यांच्याने खरंच उठवलं नाही. ते भिंतीला टेकले. रंग अजून पुरता वाळला नव्हता, पाठीला लागला असावा. एक पाऊल वाजलं. मग दुसरं त्याच्याजवळ. मग श्वास. इतकी वर्षं हा आवाज या खोलीत येत होता आणि काकांच्या हातात काही ना काही असायचं.

आज हात रिकामे होते. त्यांनी जिना शेवटपर्यंत ऐकला.