वाघोबाचा वळसा

ठवकरजी केबलमधला दोष शोधायचं मशीन जीपमध्ये मांडीवर घेऊन बसत, तेही बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. "लेकरू आहे का ते?" मी चिडवायचो. "लेकरू पडलं त रडते तरी, साहेब," ते म्हणायचे.

ऐंशीच्या दशकात मी नाशिकहून भंडारा जिल्ह्यातल्या एका मँगनीज खाणीत नवाकोरा इंजिनिअर म्हणून आलो होतो. ठवकरजी मोहाडीकडचे, केबलचे सांधे करणारे, माझ्या वडिलांच्या वयाचे. कुठेही दोष निघाला की ते आधी म्हणत, "एक चक्कर पायी मारू." मला त्याचा फार कंटाळा यायचा.

एका सकाळी जमिनीखालची केबल गेली आणि खाणीतले पंप बंद पडले. माणसं सुखरूप वर आली, पण तळाशी पाणी चढू लागलं. ते पंपांच्या मोटारींपर्यंत पोचलं असतं तर खाण कित्येक महिने बंद राहिली असती. "एक चक्कर पायी मारू," ठवकरजी म्हणाले. "वेळ नाही," मी म्हणालो. मशीनने केबलमध्ये विजेचा ठोका सोडला. तो दोषाच्या जागेवरून परतायला जेवढा वेळ लागला, त्यावरून अंतर निघालं तीनशे चाळीस मीटर. नकाशातल्या सरळ रेषेवर टेप धरून मी खड्डा खणवला. केबल धडधाकट. थोडं पुढे खणवलं, तिथेही तेच. दुपार टळली.

"मशीन बिघडलंय."

"मशीन खोटं नाही बोलत, साहेब. पण त्याले गाव कुठं माहीत हाये?"

ते रेषेवरून परत मागे चालत गेले आणि मोहाच्या झाडाशी थांबले. झाडाखाली शेंदूर लावलेल्या वाघोबाचा ओटा होता, आणि नकाशातली रेषा थेट त्या ओट्याखालून जात होती.

"केबलची नाली खोदणारे आपल्याच गावचे होते ना? त्यातला कोण वाघोबाखाली सब्बल मारन?"

ते लोक गुपचूप वळसा घालून गेले होते, आणि कागदावर तो कुणी दाखवलाच नव्हता. चपला काढून ठवकरजींनी ओट्याभोवती दोरी फिरवली. "वळशात सतरा मीटर केबल जास्त हाये. पयल्या खड्ड्यापासून तेवढं मांगं या."

तिथे खणल्यावर ओली वाळू लागली आणि जळका वास आला. ठवकरजींनी तात्पुरता सांधा केला. पंप सुरू झाले तेव्हा पाणी मोटारींपासून वीतभर खाली होतं. मी तिथेच मातीत बसलो आणि मला चक्क रडू आलं.

"अख्खी दुपार कुठे गेली?" मॅनेजरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ठवकरजी म्हणाले, "नकाशात वळसा नव्हता, साहेब. आता हाये." कानामागची पेन्सिल काढून त्यांनी तो तिथेच काढला. सकाळचं माझं "वेळ नाही" मात्र त्यांनी कधीच कुणाजवळ काढलं नाही.

आता ठवकरजी नाहीत. मी मात्र मशीन सुरू करण्याआधी एक चक्कर पायी मारतो, आणि वाटेत देव दिसला की खिशातली दोरी काढतो.