वकीलबाईंची लाल-निळी पेन्सिल

२०१४ साल. मी बासष्ट वर्षांचा, दोन कोर्टं हरलेला, आणि तरीही कोणाचं ऐकत नव्हतो. मला गप्प बसवलं ते बुलडाण्याच्या वकीलबाईंनी. निकालाचा कागद हाती आला की त्या आधी पक्षकाराकडे बघतच नसत. जे घडलं त्याखाली लाल रेघ, न्यायाधीशांनी त्यावरून जे ठरवलं त्याखाली निळी. मगच मान वर.

भांडण माझ्या शेतातल्या वाटेचं. शेजारचा सुखदेव तिथून तीस वर्षं बैलगाडी नेत होता. मी काट्या लावून वाट अडवली, त्यानं दावा लावला. मोताळ्याच्या कोर्टात मी शपथेवर सांगितलं, हा कधी गेलाच नाही. निकालात लिहून आलं, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही. वाट सुखदेवच्या हक्काची. बुलडाण्याला अपिलातही तेच.

"बाई, नागपूरले चला. मले खोटा म्हनलं, ते पह्यले खोडा."

"ते खोडलं जात नाही, भाऊ. साक्ष देताना तुमचा चेहरा मोताळ्याच्या साहेबांनी पाहिला, हायकोर्टानं नाही. लाल रेघ खालीच राहते. वर फक्त निळी जाते."

"मंग मी काऊन येऊ?"

"या, पण गप्प बसायला."

असं मला माझ्या बापानंही सुनावलं नव्हतं.

नांदुऱ्याहून रेल्वेनं आम्ही नागपूरला गेलो. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, तीस वर्षांची वहिवाट आम्हाला मान्य आहे. मग त्यांनी सुखदेवचीच साक्ष वाचली, त्यातला दादा म्हणजे मी: दरवर्षी पेरणीआधी दादाला विचारूनच मी गाडी घालायचो. खालच्या कोर्टांनी त्याचा शब्दन् शब्द खरा धरला, मग विचारणंही खरंच. परवानगीनं वापरलेल्या वाटेवर हक्क बसतो का, एवढंच बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. साहेबांनी तिथंच निकाल सांगितला, बसत नाही; सुखदेवचा दावा फेटाळला. बाई आता नाहीत; तसं डोकं मी पुन्हा पाहिलं नाही.

परतताना गाडीत मी म्हणालो, "म्हंजे तो खरं बोलला म्हनून हरला, अन् मी खोटं बोलूनही जिकलो?"

"कायद्याचं मी पाहिलं," बाई म्हणाल्या. "घडलं त्याचं तुम्ही पहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. चारचौघांत सुखदेवला म्हणालो, "तू तीस वर्षं जात होता. कोर्टात मी खोटं बोललो."

त्यानं कप खाली ठेवला. "हे सांगाले नागपूरले जा लागलं, दादा?"

"हाव," मी म्हटलं. "गाडी नेत जाय. पन विचारून."