दाराबाहेर दोन जोड

घोगरीला हे नाव शाळेतल्या मुलींनी ठेवलं. तिचा आवाज लहानपणापासूनच बसका, सर्दी झालेल्या बाप्यासारखा. समूहगानाच्या वेळी गाण्याच्या बाई तिला मागच्या ओळीत उभं करायच्या आणि खुणेनेच सांगायच्या, तू नुसते ओठ हलव. ती घरी येऊन रडली तेव्हा ताई म्हणाली, "ओठ हलवतेसच ना? मग हळूच आवाजही सोडत जा. एवढ्या गलक्यात कोणाला कळतंय!"

ताई तिच्यापेक्षा बरीच मोठी. आई गेली तेव्हा घोगरीला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. तेव्हापासून वेणी, डबा, दुखलंखुपलं सगळं ताईकडे. बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर असायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "आपला धंदाच वर-खाली व्हायचा," आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसायचे. माणूस प्रेमळ, पण घरातलं काही जड झालं की पेटी उचलून कुठल्या तरी इमारतीत निघून जायचा. जड ते ताईच्या वाट्याला यायचं, आणि ताई ते कोणाला दिसू द्यायची नाही.

पुढे घोगरी पडद्यांच्या दुकानात शिवायला लागली. पुढे काचेत नमुने टांगलेले, मागच्या खोलीत शिलाईची यंत्रं आणि छतापर्यंत रचलेले कापडाचे तागे. चुण्या घालायच्या, अस्तर लावायचं, वरच्या पट्टीत कड्या बसवायच्या. पडद्याची शिलाई लांबच लांब आणि सरळ. हात गुंतलेले, डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात तिला गाणी सुचायला लागली. घर बदलून गेलेल्या एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेली गिटार तिने उचलून आणली, तारा बदलल्या आणि आपली आपणच शिकली.

तिची गाणी साधी असत. जिन्यात, नळावर, दुकानाच्या फळीशी बायका जे बोलतात तेच शब्द, आणि पुन्हा पुन्हा गोल फिरून येणारी चाल. मालकीणबाई एकदा ऐकता ऐकता ओरडल्या, "अगं, हे तर काल मीच बोलले होते!" आणि मग आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटल्या, की या गाण्यात मी आहे बरं का. घोगरीला वाटलं, माणसांना गाण्यात बसवलं की माणसं खूष होतात. ही समजूत तिच्या मनात पक्की बसली.

दुकानाशेजारी स्पीकर दुरुस्त करणारा एक जण होता. त्याला एक ओळ सुरात म्हणता येत नसे, पण कान असा, की भिंतीपलीकडचं यंत्र तेल मागतंय हे बसल्या जागी सांगायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत. घोगरीचा आवाज ऐकून तो म्हणाला, "बाई, हा आवाज खराब नाही. याला फक्त लहान खोली लागते." दुकान बंद असायचं त्या दिवशी तो माइक घेऊन यायचा. मखमलीचे जाड पडदे चारी बाजूंनी टांगून दोघं मध्ये बसायचे. मखमल बाहेरचा सगळा आवाज गिळून टाकायची. असं एकेक गाणं निघालं. कुठे पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत, कुठे एखाद्या उपाहारगृहाच्या माळ्यावर ती गायला लागली. वीस-पंचवीस माणसं जमायची. घोगरी हेच नाव तिने स्टेजवरही ठेवलं.

ताई एकदाही आली नाही. "तू गाणार आणि धडधड मला व्हायची," म्हणायची. ताईचं तोवर लग्न झालं होतं. ती एका दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, घाबरलेल्या माणसांना बोलण्यात गुंतवून आत धाडायची.

एका हिवाळ्यात घोगरी ताईकडे राहायला गेली. भावजी कामानिमित्त बाहेर असतात, असं कळलं होतं. संध्याकाळी ताईने कपाटातून त्यांचे तपकिरी बूट काढले, फडक्याने पुसले, पॉलिश केलं आणि दाराबाहेर आपल्या चपलांशेजारी नीट ठेवले. सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर आत घेतले. घोगरी बघतच राहिली.

"भावजी कुठेत, ताई?"

ताई बुटांच्या नाड्या आत खोचत म्हणाली, "गेलेत. गावातच आहेत, दुसऱ्या टोकाला. तिच्याकडे."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. जिन्यातून येणारी-जाणारी बघतात गं. बूट असले की माणूस आहे असं वाटतं त्यांना. कोणाला सांगू नकोस. बाबांना तर नाहीच."

घोगरीने तिला मिठी मारली. ताई रडली नाही. बुटांचं पॉलिश लागलेले हात तिच्या कपड्यांना लागू नयेत म्हणून बाजूला धरून उभी राहिली.

गाणं ठरवून झालं नाही. एका अस्तराच्या शिलाईवर ओळी आपोआप आल्या:

दाराबाहेर दोन जोड, आत एकच ताट,
बुटांना रोज पॉलिश, बुटांना कुठली वाट?

तिने ते स्वतःशीच ठेवायचं ठरवलं. मग एकदा, फक्त एकदाच, पुस्तकांच्या दुकानामागे गायली. खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. गाणं संपल्यावरही टाळ्या लगेच आल्या नाहीत. ती शांतता घोगरीच्या अंगात भिनली. शाळेत जिला नुसते ओठ हलवायला सांगितले होते, तिच्यासाठी अख्खी खोली श्वास रोखून बसली होती. एकदाचं दोनदा झालं. ताई आपली गाणी ऐकतच नाही, नाव तर कुठेच नाही, अशी स्वतःची समजूत घालून तिने ते मखमलीच्या पडद्यांत बसून रेकॉर्ड केलं. कानसेनने डोळे पुसत बटण बंद केलं.

गाणं वणव्यासारखं पसरलं. फोनवर, रिक्षात, केस कापायच्या दुकानात तेच. तिला मोठ्या सभागृहांतून बोलावणी आली. मालकीणबाईंनी काचेत तिचा फोटो लावला, पडद्याला पिना मारून.

ताईच्या वरच्या मजल्यावरची मुलगी तेच गाणं गुणगुणत जिना उतरायची. एका सकाळी तिची आई खाली आली आणि ताईच्या दारापाशी थबकली. चपला, शेजारी तपकिरी बूट, बुटांना पॉलिश. नेमकी त्याच वेळी ताई बूट आत घ्यायला दार उघडून बाहेर आली.  शेजारणीने ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली निघून गेली. शिवी दिली असती तर ताईने परत दिली असती. त्या हाताचं काय करायचं ते तिला कळलं नाही. दवाखान्यात हाताखालची मुलगी म्हणाली, "तुमची बहीण गाते ना, ती घोगरी?" आणि एकदम खाली बघायला लागली.

ताई दुसऱ्या दिवशी दुकानात आली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन, परक्या बाईसारखी बसली. घोगरीने यंत्र थांबवलं.

"मी नाव नाही घेतलं, ताई."

"नाव कशाला घ्यायला हवं? पत्ता दिलास की."

"मला तुझं दुःख लोकांना..."

"माझं दुःख तू कशाला लोकांना? मी दिलं होतं का वाटायला?" ताईचा आवाज चढला नाही. दवाखान्यात बोलायची तसंच ती बोलत होती. "तुला वाढवताना मी कधी काही मागितलं नाही. एकच गोष्ट मागितली. कोणाला सांगू नकोस म्हटलं. तू सगळ्यांना सांगितलंस, तेही चालीत."

मालकीणबाई आतून पाणी घेऊन आल्या. ताई पाणी प्यायली आणि पेला जागेवर ठेवून गेली. महिन्याभरात तिने घर बदललं. नवा पत्ता बाबांना दिला, घोगरीला नाही.

घोगरीने त्या दिवसापासून ते गाणं बंद केलं. कानसेन संतापला. "लोक तेच ऐकायला येतात! आणि ते गाणं आता तुझं राहिलेलं नाही, कळतंय का?"

"माझं होतं कधी?" ती म्हणाली.

आधी ठरलेला एक मोठा कार्यक्रम होता. तो तिने केला. नवी-जुनी सगळी गाणी गायली. शेवटाकडे मागून कोणीतरी ओरडलं, "बूट!" मग पाच-सहा जण, मग अख्खं सभागृह. तिने मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, लाडात आलीय. आणि मग लोकांनीच सुरू केलं. पहिल्या रांगेतल्या बायका, मागची कॉलेजची पोरं, दिवे सांभाळणारा माणूससुद्धा. दोन जोड, एकच ताट, हजारभर गळ्यांतून. लोक प्रेमानेच गात होते, कितीतरी जणांचे डोळे भरले होते. घोगरी तारांवर तळवा दाबून धरून उभी राहिली. ओठसुद्धा हलवले नाहीत. दुसऱ्या कडव्याला ती गिटार तिथेच ठेवून आत निघून गेली.

तिला शिष्ट म्हणाले, डोक्यात हवा गेली म्हणाले. कारण विचारणाऱ्यांना तिने सांगितलं नाही. सांगायचं तर पुन्हा ताईचंच सांगावं लागलं असतं. बोलावणी आटली. कानसेन काही दिवस आला नाही. मग आला, पण माइकशिवाय.

नवीन गाणंही होईना. जे सुचेल ते कोणाचं तरी निघायचं. मालकीणबाई बोलायला लागल्या की ती यंत्र जोरात चालवायची, कानावर काही पडू नये म्हणून. झाडांवर लिहून पाहिलं, नदीवर लिहून पाहिलं. कानसेन ऐकून म्हणाला, "ठीक आहे. पण यात कोणी राहत नाही."

"झाडांना बहीण नसते ना," ती म्हणाली. दोघंही हसले, आणि तिने तो कागद घडी घालून ठेवून दिला.

अशी काही वर्षं गेली. मग बाबा बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. "जन्मभर लिफ्टच्या भोकात लटकलो आणि पडलो कुठून, तर स्टुलावरून," असं ते प्रत्येक डॉक्टरला सांगत. घरी आणल्यावर दोघी बहिणींनी पाळ्या लावल्या. सुरुवातीला बोलणं दारातल्या दारात: पिवळी गोळी दिली, रात्री झोपले नाहीत, मलम संपलंय. ताईचे केस पिकले होते. भावजींचं घोगरीने विचारलं नाही, ताईने सांगितलं नाही.

बाबांना कूस बदलायला मात्र दोन माणसं लागायची. एकीने खांद्याखाली हात घालायचा, दुसरीने पायाखाली उशी धरायची. त्या कामात दोघींना एकमेकींकडे बघावंच लागे. एकदा बाबा घोगरीला म्हणाले, "काहीतरी गा की." तिने ताईकडे पाहिलं. ताई चादरीची सुरकुती काढत राहिली. घोगरी म्हणाली, "घसा बसलाय, बाबा." बाबा म्हणाले, "तो तर जन्मतःच बसलाय," आणि डोळे मिटून घेतले.

त्या दुपारी स्वयंपाकघरात ताई सफरचंद किसत होती. पाठमोरीच म्हणाली, "गाणं चांगलं होतं."

घोगरी ओट्यावरची सालं गोळा करायला लागली.

"फालतू असतं तर कधीच सोडून दिलं असतं. चांगलं होतं म्हणूनच अडकलंय. मी पूर्ण ऐकलंय, चारचौघांत, दवाखान्याच्या रेडिओवर. पेशंट रडत होता आणि मी त्याला रुमाल देत होते."

"ताई, माझं चुकलं."

"हो, चुकलं." ताईने किसणी धुतली. "परत लिहिशील माझ्यावर?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग बोलायला हरकत नाही," ताई म्हणाली आणि वाटी घेऊन बाबांकडे गेली.

माफ केलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही, नंतरही नाही. पावसाळा संपल्यावर बाबा गेले. पण दोघींचं जाणं-येणं सुरू राहिलं. घोगरी पडदे शिवते. कधीतरी कानसेनच्या दुकानात पाच-दहा जणांपुढे गाते. स्वतःच्या आवाजावर, यंत्रावर, बाबांच्या विनोदांवर. बाबांची परवानगी तिने ते असतानाच घेतली होती. ऐकणारे म्हणतात, बरं आहे. पूर्वीची ती शांतता पडत नाही.

आणि ताई आता बोलते. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर यावं तशी बोलते. एकदा चहा पिता पिता भावजींबद्दल सहज काहीतरी म्हणाली. साधंच बोलणं, चार-पाच शब्दांचं. पण घोगरीचा कप हातात तसाच राहिला. त्या चार-पाच शब्दांना चाल आपोआप लागली होती. दुसरी ओळही दारात येऊन उभी राहिली होती.

"काय झालं?" ताईने विचारलं. "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," घोगरी म्हणाली. "तू बोल."

ताई बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी घोगरीने दुकानात सगळ्यात लांब पडदा काढला आणि ती चाल डोक्यातून जावी म्हणून संध्याकाळपर्यंत शिवत बसली. पडदा पुरा झाला. चाल गेली नव्हती. तिने ती कोणाला ऐकवली नाही, अजूनही ऐकवलेली नाही.