नंबर तोच, फोन नवा

माझा जुना फोन गरोदर आहे, यावर आमच्या किचनमध्ये कुणाचंच दुमत नव्हतं. लंडनच्या हीथ्रोजवळच्या ज्या किचनमध्ये मी विमानात जाणारं जेवण ट्रेमध्ये भरते, तिथे चाळीस बायका आणि चाळीस भाषा. पण त्या फोनची फुगलेली बॅटरी बघून सगळ्या एकाच भाषेत पोट धरून हसायच्या. मागचं झाकण वर आलेलं, ते निघू नये म्हणून मी त्याला केसांचा रबर बांधलेला. टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा. एकदा फिरता फिरता तो थेट धावपट्टीकडे तोंड करून थांबला, तेव्हा आमची सुपरवायझर म्हणाली, "याला टेक-ऑफची परवानगी द्या कुणीतरी."

आमच्या घरात फोन वरून खाली वाहतात आणि मी म्हणजे समुद्रसपाटी. नवऱ्याचा जुना झाला की तो माझा, मुलीचा जुना झाला की तोही माझा. लग्नाला तीस वर्षं झाली, पण कोऱ्या फोनच्या काचेवरचं ते पातळ प्लास्टिक चर्रकन ओढून काढायचं सुख मला एकदाही मिळालं नव्हतं. तेव्हा मी घरात जाहीर केलं, की या वेळी फोन मी घेणार, माझ्या पैशांचा, माझ्या पसंतीचा, आणि कॉन्ट्रॅक्टसुद्धा नव्या कंपनीचं.

"अहो, जुन्या कंपनीला मी काढून टाकलंय," असं मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो घास हातात धरून बघतच राहिला. जणू मी एखाद्या माणसाला नोकरीवरून काढलं होतं.

कारण होतं बिल. ते बिल इतकं लांब होतं, की हाउन्सलोच्या माझ्या दारात एक टोक धरलं असतं तर दुसरं शेजारच्या फेल्थम गावाच्या पुढे गेलं असतं. अनलिमिटेड मेसेज म्हणून घेतलेल्या प्लॅनमध्ये मेसेजचेच पैसे! माझी मुलगी केंब्रिजला नोकरी करते, ती सुट्टी घेऊन घरी आली होती. तिनं बिल वाचलं आणि मला समजावलं.

"आई, अनलिमिटेड फक्त यूकेच्या नंबरला. इंडियाला नाही. आणि तू मराठी लिहितेस ना, त्याचा नियम वेगळी आहे."

"वेगळा आहे."

"हो, वेगळा. इंग्लिश लेटर्स असले तर एका मेसेजमध्ये एकशेसाठ बसतात. मराठीत फक्त सत्तर. त्याच्यावर गेलं की दुसरा मेसेज, मग तिसरा."

सत्तर तर सत्तर. पण मग तिनं मला मोजून दाखवलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. 'तब्येतीची काळजी घे'. आपल्या हिशेबानं आठ अक्षरं. त्या मशीनच्या हिशेबानं अठरा! काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, जोडाक्षर जोडणारा तो पाय मोडायचा हलन्त वेगळा, शब्दांमधली रिकामी जागासुद्धा वेगळी. म्हणजे बसमध्ये आई बसली तर कडेवरच्या पोराचं तिकीट वेगळं, पोराच्या टोपीचं वेगळं आणि टोपीच्या गोंड्याचं वेगळं. दर रविवारी मी अमरावतीला माझ्या आईला मेसेज लिहिते, तो म्हणजे पत्रच. तिचा बटणांचा फोन, त्यात इंटरनेट नाही, त्यामुळे फुकटातली ॲप्स तिच्या कामाची नाहीत. मी भरभरून लिहायची, आणि कंपनी माझ्या वेलांट्या वेचून वेचून वीस वीस मेसेजचे पैसे लावायची. वर मी आमच्या बागेतल्या गुलाबाचा फोटो पाठवला होता, त्याचा दर आणखी निराळा. तो फोटो आईच्या फोनवर उघडलासुद्धा नाही.

मी त्याच दिवशी फोन करून त्या कंपनीला तीस दिवसांची नोटीस दिली होती. असं इंग्रजी बोलले, असं बोलले, की पलीकडचा माणूस शेवटी म्हणाला, "मॅडम, यू आर राइट." खरं तर तो "ऑलराइट" म्हणाला असेल. मी मात्र सगळ्यांना पहिलंच सांगते.

तर नोटिशीचा एकोणतिसावा दिवस, गुरुवार. मी आणि पुन्हा सुट्टी घेऊन आलेली मुलगी हाय स्ट्रीटवरच्या फोनच्या दुकानात शिरलो. काय सांगू! लांबच लांब पांढरी टेबलं, त्यांवर ओळीनं मांडलेले फोन, आणि प्रत्येकाच्या काचेवर असं निळं आकाश की मला आधी वाटलं छप्परच उघडं आहे. मी एकेक हातात घेत सुटले. एक इतका हलका, की हातात आहे की नाही ते बघायला दोनदा मूठ उघडली. एक मधोमध दुमडायचा, पुस्तकासारखा. तो मी अकरा वेळा उघडला आणि मिटला. बाराव्या वेळी तिथली विक्रेती मुलगी हसत पुढे आली. घानाची होती, डोक्यावर सुंदर वेण्या.

"हा कॅमेरा चंद्रावरचे खड्डे टिपतो," ती म्हणाली.

"हाउन्सलोच्या रस्त्यावरचे टिपले तरी पुरे," मी म्हणाले, आणि आमची गट्टी जमली.

तिनं फार सरळ समजावलं. फोन हप्त्यावर घेतला तर दोन वर्षं बांधून घेणार. त्यापेक्षा फोन एकरकमी घ्या आणि सिम वेगळं, महिन्या-महिन्याचं, नको वाटलं तर सोडा. मी विचारलं, "इंडियाचे मेसेज?" ती म्हणाली, "ते कुठेच फुकट नाहीत. पण या प्लॅनमध्ये इंडियाला बोलायची मिनिटं भरपूर आहेत. लिहू नका, बोला." असा सल्ला मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दिला. आजवर सगळ्यांनी उलटंच सुचवलंय.

मी मधल्या किमतीचा, गर्द हिरवा, चंद्राच्या खड्ड्यांचा फोन निवडला. आनंदानं मी इतकी फुलले होते की त्या जुन्या बॅटरीला लाज वाटावी. आणि तेवढ्यात विक्रेतीनं सहज विचारलं, "नंबर जुनाच ठेवायचाय ना? मग पॅक कोड द्या."

"पॅक कशाला? असाच नेते हातात."

"पॅकिंग नाही. पॅक कोड. तो जुन्या कंपनीकडून मागवायचा, मग नंबर इकडे येतो. जुनं कॉन्ट्रॅक्ट चालू आहे ना अजून?"

"छे! काढून टाकलंय त्यांना. उद्या शेवटचा दिवस."

तिचं हसू मावळलं. ती म्हणाली, कोड आज दुकान बंद व्हायच्या आत मिळाला तर नंबर उद्या इकडे येईल. उद्या जुनं सिम मेलं, की नंबर परत मिळवणं म्हणजे मोठी कटकट, आणि मिळेलच याची खात्री नाही.

मला वाटत होतं नंबर माझाच, आपल्या नावासारखा. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, देश बदलला, इथे आल्यावर घेतला तेव्हापासून बदलला नाही तो हा नंबर. पण प्रश्न माझा नव्हताच, आईचा होता. आईला आता विसरायला होतं. दुपारी काय खाल्लं ते आठवत नाही, माझ्या मुलीला कधी कधी माझ्या नावानं हाक मारते. डॉक्टरांनी सांगितलंय, नवीन काही लक्षात राहणार नाही. पण परदेशाच्या शून्य-शून्यासकट हे चौदा आकडे तिला एका दमात येतात. रोज दुपारच्या चहाआधी ती स्वतः बटणं दाबते, दोन रिंग होऊ देते आणि कापते. मिस कॉल. इथे तेव्हा माझा अकराचा ब्रेक असतो, मग मी उलट फोन करते. भावानं एकदा एकाच बटणावर माझा नंबर बसवून दिला होता, तर चिडली. "माह्या पोरीशी बोलाले मले बटनाची भीक नाई पायजे." दिवसभरातलं हे एक काम ती अजून कुणाला न विचारता करते. तो नंबर गेला असता, तर नवा तिच्या डोक्यात शिरणार नव्हता. रोज दुपारी ती ते चौदा आकडे दाबत बसली असती, आणि पलीकडे कुणीच नसतं.

"मेसेज करा लगेच," विक्रेती म्हणाली. "जुन्या फोनवरून, या नंबरला, फक्त 'पॅक' एवढंच लिहून. मिनिटात कोड येतो."

मी फोनचा रबर काढला. बॅटरी चार टक्के, आणि फुगलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा नाही, असं विक्रेतीनं बजावलं. मुलीनं फोन ओढून घेतला आणि तशीच थांबली.

"आई, हा सगळी मराठीत आहे! सेटिंग कुठे आहे?"

"तिथेच लिहिलंय, सेटिंग."

"मला एवढं फास्ट वाचता येत नाही!"

"तर आण इकडे." मी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि लिहिलं: 'पॅक'. मग वाटलं, एवढी मोठी कंपनी, आधीच मी त्यांना फाडफाड बोललेली, जरा गोडीनं घ्यावं. म्हणून पुढे जोडलं: 'माझा क्रमांक माझ्याकडेच ठेवायचा आहे. कृपया पॅक देण्यात यावा, ही नम्र विनंती.' आणि पाठवलं.

उत्तर तत्काळ आलं. तुमचा मेसेज समजला नाही.

"काय लिहिलंस?" मुलगी.

"जे सांगितलं तेच. पॅक."

तिनं बघितलं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं किंचाळली, "आई! मराठीत लिहिलंस?"

"शब्द तोच आहे ना?"

"मशीन मराठी नाही आहे! आणि नम्र विनंती कशाला?"

"मागायचं तर नीट मागावं!"

तीन टक्के. विक्रेतीला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण तिनं माझा हात धरला होता आणि ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. शेजारी कव्हर बघायला आलेले एक सरदारजी कव्हर सोडून आमच्यात सामील झाले. कीबोर्ड इंग्रजी करायचं बटण सापडेना, कारण ते मी कधी वापरलंच नव्हतं. दोन टक्के. सरदारजी म्हणाले, "बेहेनजी, गोल दुनियावाला निशान दबाओ!" पृथ्वीचा गोळा दाबला. पृथ्वी फिरली आणि इंग्रजी अक्षरं आली. पी, ए, सी. तीनच अक्षरं, ना काना ना मात्रा. पाठवलं.

एक टक्का. मी आयुष्यात कुठल्याही परीक्षेत एवढी घामेजले नव्हते, आणि मी दहावीला गणितात दोनदा बसलेली बाई आहे. टिंग! कोड आला. मुलगी पर्समध्ये पेन शोधायला लागली, त्यातून लिपस्टिक निघाली, पावत्या निघाल्या, पेन काही निघेना. काच मंद व्हायला लागली. तेवढ्यात विक्रेतीनं टेबलावरचा माझाच हिरवा फोन उचलला आणि खट्‌! चंद्राचे खड्डे टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं आधी माझा कोड टिपला. दुसऱ्या क्षणी जुन्या फोननं डोळे मिटले. सरदारजींनी टाळ्या वाजवल्या. मी सांगते की सगळ्या दुकानानं वाजवल्या, पण दुकानात आम्हीच चौघं होतो.

शुक्रवारी मी नवा फोन घेऊन कामावर गेले. नंबर दिवसभरात कधीही येईल, असं दुकानात सांगितलं होतं. अकरा वाजले. आमच्या ब्रेक रूममध्ये फोन टेबलावर, भोवती बायका. फोनवर नेटवर्कची एकही काडी नाही. अकरा पाच. अकरा दहा. माझा चहा गार झाला. आता अमरावतीत चहा उकळत असेल, आणि ती बटणं दाबून थांबली असेल, असं मनात येत होतं. कुणी तरी म्हणालं, बंद करून चालू कर. मी बंद केला, चालू केला.

काड्या उगवल्या. एक, दोन, चार! आणि लगेच एक निरोप: तुमच्यासाठी व्हॉइसमेल आहे, म्हणजे कुणीतरी मशीनमध्ये बोलून ठेवलंय. आता, आपला मिस कॉल हा रिंगवर चालतो. जुन्या फोनवर मी व्हॉइसमेल बंद करून ठेवलं होतं. इथे मात्र नेटवर्क नसताना रिंग न होताच मशीननं फोन उचलला होता, आणि आईला कापायला वेळच मिळाला नव्हता. मी स्पीकर लावला.

"जय भीम. ... कोन व बाई? ... इंग्रजी नाई समजत मले, सावकाश बोल. ... आता काहून चूप झाली? ... बरं, कामात असशीन. माह्या पोरीले सांगजो, गोळ्या घेतल्या म्हना. आज अंबाडीची भाजी केली, खारट झाली. अन् थंडीत कानाले बांधत जाय म्हना, तिले सर्दी होते. तूबी बांधत जाय, बाई."

एकीलाही मराठी येत नव्हती, पण चाळीसच्या चाळीस बायका फोनवर वाकल्या होत्या. मी लगेच फोन लावला.

"हालो, जय भीम."

"जय भीम, आई. मी बोलतेय. लागला गं तुझा फोन, लागला!"

"लागनारच. काहून नाई लागनार? मी काय चुकीचा नंबर फिरवतो? तुया घरी ते कोन गोरी बाई राह्यते?"

"बाई नाही आई, मशीन आहे ती."

"असन मशीन. पन तुयापक्षा बरी. मी बोलून रायली तं मधात तोंड नाई घातलं तिनं."

"आई, मी कधी मधे बोलते? मी तर नेहमी—"

"पाय, घातलं का नाई!"